मानपत्रातील क्रियापद

मराठी गद्याच्या प्रकारांची गणना करताना निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, पत्रे, इतकेच काय, बखरी आणि कैफियती यांचाही परामर्श घेतला जातो. मानपत्राकडे मात्र टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः विद्यापीठाच्या परिसरात आज जे मराठी गद्य समारंभपूर्वक मोठ्याने वाचले जाते, चौकटीत बसवून घरोघरी टांगले जाते आणि ज्याच्या वाचनाच्या वेळी सारी सभा शांत राहते, असे गद्य हे एकच होय. बीड जिल्ह्यापुरते पाहिले तरी बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, आष्टी, गेवराई येथील महाविद्यालयांतून निवृत्तीचे निरोपसमारंभ, स्नेहसंमेलने, गुणवंतांचे सत्कार यांनिमित्त दरवर्षी अशा लेखनाची मोठी भर पडते. ही सर्व महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याची स्थापना 23 ऑगस्ट 1958 रोजी झाली, आणि त्याच्या वर्धापनदिनीही गौरवाचे समारंभ होतात. इतक्या नित्य आणि इतक्या सार्वजनिक लेखनप्रकाराची परीक्षा वाङ्मयीन कसोटीवर करण्यास हरकत नसावी.

मानपत्राची रचना ठरलेली असते. ते द्वितीयपुरुषी असते. ‘आपण’ असे संबोधून सत्कारमूर्तीला तिचीच कीर्ती सांगितली जाते आणि सभा ती ऐकते. या योजनेत एक मौज आहे. ज्या एका व्यक्तीला आपले कार्य पूर्वीच ठाऊक आहे तिला उद्देशून सारे बोलले जाते, आणि ज्या शेकडो श्रोत्यांना ते ठाऊक नाही त्यांना ते अखेरपर्यंत कळत नाही. न कळण्याचे कारण मजकुराच्या त्रोटकपणात नाही. मानपत्रे लांब असतात. कारण व्याकरणात आहे. मानपत्रातील वाक्ये विशेषणांवर उभी असतात: विद्यार्थिप्रिय, व्यासंगी, अष्टपैलू, समाजाभिमुख, ऋजू. क्रियापद आलेच तर ते ‘असणे’ किंवा ‘राहणे’ हे. आपण कार्यरत आहात, आपण अग्रेसर राहिलात, आपले योगदान बहुमोल आहे. कशाचे योगदान, कोणाला, केव्हा, हे प्रश्न त्या वाक्यात शिरूच शकत नाहीत, कारण त्यांना बसण्यासाठी तेथे जागाच ठेवलेली नसते.

मराठी भाषेने या बाबतीत लेखकाला मोठी सोय करून दिली आहे, आणि मानपत्र नेमके तिलाच टाळते. भूतकाळी सकर्मक क्रियापद मराठीत कर्त्याच्या मागे जात नाही. ते कर्माप्रमाणे बदलते. ‘त्यांनी कोश रचला’, ‘त्यांनी बोली नोंदविली’, ‘त्यांनी हस्तलिखिते जमविली’: या तिन्ही वाक्यांत कर्ता तोच आहे, पण क्रियापदाचे लिंग आणि वचन ठरविते ते केलेले काम. कर्म काय हे ठाऊक असल्याखेरीज लेखकाला क्रियापदाचे रूपच ठरविता येत नाही. पराक्रम सांगायचा तर आधी पराक्रमाची वस्तू सांगा, असा हा कर्मणी प्रयोगाचा दंडक आहे. इंग्रजी लेखकावर भाषेचे असे बंधन नसते. तेथे क्रियापद कर्त्याच्याच मागे चालते. मराठी मानपत्रकाराला मात्र काही न सांगता स्तुती करायची असेल तर व्याकरणाशी झुंज द्यावी लागते, आणि तो ती निरनिराळ्या युक्त्यांनी देतो. एक युक्ती वर आलीच आहे: ‘असणे’ हे क्रियापद. दुसरी म्हणजे ‘कार्य केले’. येथे कर्म आहे, परंतु ते क्रियापदाचीच सावली आहे. ‘केले’ म्हणजे काय केले, तर कार्य केले. तिसरी युक्ती म्हणजे ‘अनेक पिढ्या घडविल्या’. हा प्रयोग निर्दोष कर्मणी आहे आणि ऐकायलाही भारदस्त वाटतो. पण पिढी हे कर्म असे आहे की ते कोणालाही मोजता येत नाही, दाखविता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मराठी मानपत्रात या वाक्याइतके दीर्घायुषी वाक्य दुसरे नसेल.

हा दोष मराठी भाषेच्या प्रकृतीत नाही आणि या भूमीच्या परंपरेतही नाही. अंबाजोगाईस यादव राजा सिंघण याच्या काळातील संस्कृत लेख आहेत. त्यांपैकी शके 1162 च्या, म्हणजे इ. स. 1240 च्या लेखात सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याची प्रशस्ती आहे. प्रशस्तीला शोभेल अशी अतिशयोक्ती तीत आहेच. कवीने हात आखडलेला नाही. तरीही खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठच्या युद्धात पडला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ देऊळ उभारले, एवढे त्यातून निश्चित कळते. कोण, कोठे, काय झाले आणि त्यानंतर कोणी काय केले, हे अलंकारांच्या गर्दीतही हरवत नाही.

विद्येच्या गौरवाचे याहून जवळचे उदाहरण चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे. तेथील लेख इ. स. 1207 च्या सुमाराचा, त्याच सिंघणाच्या अमदानीतला. भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले, आणि शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) या ग्रंथामुळे तो मराठीच्या अभ्यासकांच्या हाती आला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. आपल्या आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांचे अध्यापन व्हावे यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील अधिपतींनी त्याला उत्पन्न नेमून दिले. (भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडविड म्हणजे बीड, असे मानणारा एक पक्ष आहे. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. बीडकरांनी मात्र तो विसरलेला नाही.) भाषाभ्यासकाला या लेखातील विशेष चटकन जाणवतो. घराण्याची वंशावळ आणि विद्वत्तेची स्तुती संस्कृतात आहे. मठाला काय काय मिळावे हे सांगण्याची वेळ येताच लेख मराठीत उतरतो. बाजारातील गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या करातील वाटा, पोफळी, घाण्यामागचे तेल अशा गोष्टी तेथे मराठीत नोंदल्या आहेत. ज्या लोकांनी हे द्यायचे होते त्यांना ते समजले पाहिजे, हे त्याचे उघड कारण. स्तुती देवभाषेत झाली तरी चालते; व्यवस्था ही देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या भाषेतच लिहावी लागते.

आजच्या मानपत्राला पाटणच्या लेखाशेजारी ठेवले असता काय गळाले हे स्पष्ट दिसते. मानपत्र आता मराठीत लिहिले जाते, परंतु त्याची मराठी ही पाटणच्या संस्कृत भागाची वारस आहे, मराठी भागाची नव्हे. प्रशस्ती राहिली आणि दान गेले. विद्वानाचा सन्मान म्हणजे त्याची विद्या पुढे शिकविली जाईल अशी तजवीज, हा जो चांगदेवाचा अर्थ होता, तो अर्वाचीन काळात अगदीच लोपला होता असे नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली, त्यांचा ग्रंथसंग्रह तिच्याकडे आला, आणि त्याच वर्षी त्यांना अर्पण केलेला लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. त्या संग्रहाच्या धर्तीवर पुढे गौरवग्रंथांची प्रथा मराठीत फोफावली. परंतु मूळ प्रघात असा की विद्वानाच्या विषयात इतरांनी नवे संशोधन लिहून त्याला अर्पण करावे. पुढच्या अनेक गौरवग्रंथांतून विषय मागे पडला आणि व्यक्ती पुढे आली. अर्धा ग्रंथ आठवणींचा, उरलेला छायाचित्रांचा आणि शुभेच्छांचा. असा ग्रंथ म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीतील मानपत्रच.

गौरवाच्या शब्दांकडेही थोडे पाहिले पाहिजे. ‘बक्षीस’ हा फारसीतून आलेला शब्द देणाऱ्याला वर आणि घेणाऱ्याला खाली बसवितो. ‘पारितोषिक’ या शब्दात परितोष आहे, पण तो देणाऱ्याचा. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे, आणि मराठीने या शब्दाचा मूळ अर्थ अद्याप जिवंत ठेवला आहे. एखाद्या मताचा पुरस्कार करणारा त्या मताची जोखीम पत्करतो. एखाद्या संशोधकाला पुरस्कार देणारी संस्था त्याच्या निष्कर्षांचाही पुरस्कार करते काय, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. या सर्वांत जुना आणि खरा शब्द ‘मान’. गावच्या यात्रेत ज्याचा मान असतो त्या मानकऱ्याला काम असते. पालखीला खांदा, मानाची काठी, पहिला नारळ: प्रत्येक मान हे एक नेमलेले कर्तव्य आहे, आणि ते चुकले तर गाव बोलते. विद्यापीठीय ‘सन्मान’ हा शब्द त्याच धातूचा असला तरी त्यात पुढचे काम नाही. निवृत्तीच्या दिवशी दिलेला सन्मान तर काम संपल्याची पोच असते.

शालीविषयी काय म्हणावे? अंबाजोगाईत कापडाचा याहून बरा उपयोग होऊन गेला आहे. दासोपंतांनी (1551–1615) लांबच लांब पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, आणि ते वस्त्र आजही त्या गावी पाहायला मिळते.

शाल आणि कार्य यांचा मेळ मुळातच बसत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. तो सत्कार मुलींच्या शाळांबद्दल होता. शाळा भरत होत्या, त्यांच्या परीक्षा होत होत्या, त्या कोणालाही जाऊन पाहता येत होत्या. त्याच फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले, तेव्हा ते नाकारले गेले, आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही. ही कमिटी पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेच्या शिल्लक निधीतून निघालेली. शास्त्री-पंडितांना वाटण्याच्या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे, अशी सुधारकांची मागणी होती, आणि ती योग्यच होती. निधीचा हेतू पालटला तरी कोणते लेखन योग्य हे ठरविणाऱ्यांची दृष्टी तितक्या वेगाने पालटली नाही. निवडसमितीची रचना हा पुरस्काराचा कणा असतो. पुरस्काराच्या बातमीत तो कधी दिसत नाही.

विद्यापीठ स्वतः जो सर्वांत मोठा गौरव करू शकते तो नावाचा. महाराष्ट्र विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. अंमलबजावणी झाली ती 14 जानेवारी 1994 रोजी. ज्याची मागणी होती त्या गोष्टीला ‘नामांतर’ म्हणत. जे घडले त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात. दोन समासांमधील एवढ्याशा अंतरात सोळा वर्षांचे राजकारण मावले आहे. त्याच वर्षी नांदेडला निघालेल्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. त्यांनी 1930 नंतरच्या दशकात अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळा चालविली होती. या दोन्ही नावांना विशेषण लागत नाही. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने 5 जून 1952 रोजी सन्माननीय पदवी दिली तेव्हाचे गौरवपत्रही अगदी लहान आहे. त्यात स्तुती आहे, पण तीपूर्वी बॅरिस्टर, राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक, मंत्रिमंडळाचे सदस्य अशी कामे आणि पदे आली आहेत. समारंभाला उंच भाषा लागते हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येते की उंच भाषा आणि तपशील यांचे वैर नाही.

ज्यांचे तपशील मुळीच लिहिले जात नाहीत असा एक वर्ग विद्यापीठात आहे. त्याचे नावच नकारात्मक आहे. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणजे जे शिक्षक नाहीत ते. ग्रंथालयातील परिचर, प्रयोगशाळेतील साहाय्यक, परीक्षा विभागातील लिपिक, वसतिगृहाचा पहारेकरी, या सर्वांना एकत्र बांधणारा धागा एवढाच की ते अमुक नाहीत. हा समास कायद्यात रूढ आहे आणि इंग्रजीची छाया त्यावर आहे. बोलताना कोणी स्वतःला शिक्षकेतर म्हणवीत नाही. तो म्हणतो, मी लायब्ररीत आहे, मी लॅबला आहे. म्हणजे बोलीला त्याचे काम ठाऊक आहे, दफ्तराला नाही. ‘उत्कृष्ट शिक्षकेतर कर्मचारी’ हा पुरस्कार देताना मानपत्रात प्रामाणिक, मनमिळाऊ आणि सेवाभावी ही विशेषणे अपरिहार्यपणे येतात. जुन्या पदवीनोंदी लावून ठेवल्या, वाळवीपासून नियतकालिकांचे जुने खंड वाचविले, रसायनांची वही चोख राखली, अशी वाक्ये येत नाहीत. प्राध्यापकाच्या मानपत्रात निदान पुस्तकांची संख्या तरी असते.

अलीकडे त्या संख्येनेच सर्व काही गिळले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत अध्यापकाच्या संशोधनगुणांमध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारास 7 आणि राष्ट्रीय पुरस्कारास 5 गुण ठरविण्यात आले. मूल्यांकनासाठी महाविद्यालयेही आपापल्या पुरस्कारांची यादी देऊ लागली. हेतू वाईट नव्हता. परंतु पुरस्कार ही कामाची खूण होती ती स्वतःच काम होऊन बसली. भाषेवर त्याचा परिणाम असा झाला की ‘राज्यस्तरीय’ आणि ‘राष्ट्रीय’ या शब्दांचा अर्थ पालटला. एरवी ‘राज्यस्तरीय स्पर्धा’ म्हटले की राज्यातून स्पर्धक आले असे समजावे. पुरस्काराच्या नावातील ‘राज्यस्तरीय’ हे विशेषण पुष्कळदा स्पर्धेचे क्षेत्र सांगत नाही, देणाऱ्याची आकांक्षा सांगते. निवेदनपत्रिका, प्रवेशशुल्क आणि सामुदायिक सत्कार यांवर चालणाऱ्या अशा पुरस्कारांनी खऱ्या पुरस्कारांचीही किंमत उतरविली आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. गुणवंतांच्या सत्कारात गुण म्हणजे परीक्षेतील गुण. या श्लेषाने मराठीत फार नुकसान केले आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळी सत्राची परीक्षा आणि फडावरचे काम एकाच वेळी येते. आईवडिलांमागे घर, धाकटी भावंडे आणि जनावरे सांभाळून, किंवा प्रसंगी स्वतः फडावर जाऊन, जी मुलगी पदवीच्या सहाही सत्रांना हजर राहिली, तिच्या यशाला कोणत्याही सत्कारात रकाना नाही. ती पहिली येत नाही. सन्मानाची भाषा तिच्यापर्यंत पोचलीच तर ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ या साच्यातून पोचते. त्या साच्यात परिस्थिती म्हणजे उचल, मुकादम, कोपी आणि कोयता हे काही येत नाही. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणारा हा व्यवसाय आहे. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी भाषा आणि माणसाला नकाराने मोजणारी दफ्तरी भाषा या शेजारीशेजारी नांदतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आखली. पाटणच्या मठाची आठवण व्हावी अशी ही तजवीज आहे. त्या मुलीच्या सन्मानाविषयी विद्यापीठाला काही म्हणायचे असेल तर ते हंगामाशी जुळणारे परीक्षेचे वेळापत्रक आणि वसतिगृहातील खोली यांच्या भाषेत म्हणता येईल, आणि ते मराठीत लिहिता येईल.

मानपत्र लिहिण्याचे काम बहुधा मराठी विभागाकडे येते, आणि तेही समारंभाच्या आदल्या दिवशी. लेखकाच्या हाती सत्कारमूर्तीचे नाव, पदवी, नियुक्तीची आणि निवृत्तीची तारीख एवढेच दिले जाते. एवढ्या सामग्रीवर कर्मणी प्रयोगाचे एकही वाक्य रचता येत नाही. विशेषणांचाच आसरा घ्यावा लागतो. म्हणून या लेखनप्रकाराची सुधारणा लेखणीपासून सुरू होणार नाही. विभागात एक नोंदवही असावी आणि वर्षभरात कोणी कोणती हस्तलिखिते लावली, कोणते उपकरण दुरुस्त केले, कोणत्या गावची बोली ध्वनिमुद्रित केली, कोणत्या विद्यार्थ्याने फडावरचे किती शब्द अर्थांसह गोळा केले, हे तीत तारीखवार लिहिले जावे. शिपायाची नोंद आणि प्राध्यापकाची नोंद एकाच पानावर यावी. अशी वही जेथे असेल तेथे मानपत्र लिहिणाऱ्याला आदला दिवसही पुरेल, आणि सभेला एकदा तरी कळेल की टाळ्या कशासाठी वाजवायच्या आहेत.